पुसलेली रेघ

“म्हणा ना, जिजी. दोनच तर शब्द आहेत. कशाला अडवून धरताय?”

जिजी मान वर करून पिटात उभ्या राहिल्या.

पिट म्हणजे रुळांच्या मधोमध खोदलेला माणूसभर खोल चर. त्यात उतरलं की गाडीचं पोट आपल्या डोक्यावर येतं. त्या सकाळी डोक्यावर नवीकोरी गाडी होती. इंजिन वेगळं नसलेली, डब्यांच्या खालीच मोटारी असलेली, पांढरीशुभ्र. तिच्या नाकावर झेंडूच्या माळा चढवल्या होत्या. फाटकाशी बँडवाले येऊन उभे होते. आमच्या भागातून अशी गाडी पहिल्यांदाच सुटणार होती.

गावाचं नाव मी सांगणार नाही. जे घडलं त्यात गावाचा दोष नव्हता.

आणि गुरू म्हटला की मठ हवा, दाढी हवी, निदान झाडाखाली अंथरलेलं आसन तरी हवं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच वाचणं थांबवावं. ही गुरू बाई होती. तिच्या अंगावर साडीवरून नारिंगी जाकीट होतं आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट.

कौतिक सपकाळे तिचं नाव. सगळा डेपो जिजी म्हणायचा. नवरा गेल्यावर त्याच्या जागी खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागली, डबे धुतले, चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायला शिकली, आणि चढत चढत वरिष्ठ तंत्रज्ञ झाली. तिला कोणी वर ओढलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते.

शिष्य कल्पेश फालक. परीक्षेत पहिला. कारखान्यात जाऊन या नव्या गाड्या शिकून आलेला. मुलगा हुशार होता, त्यात खोटं काही नाही. जिजी स्वतःच सांगायच्या, गाडीच्या संगणकाचा पडदा वाचावा तर कल्पेशनेच.

पण त्या सकाळी त्याला वेगळंच काही हवं होतं.

त्या डेपोची एक रीत होती. गाडी तपासून झाली की तपासणाऱ्याने पिटातून मोठ्याने म्हणायचं, ‘गाडी फिट’. नव्या माणसाने म्हटलं, तर त्याला शिकवणाऱ्याने ते पुन्हा म्हणायचं. दोन आवाज झाले की ‘गाडी हलवू नका’ सांगणारा वरचा लाल बोर्ड काढायचा. सह्या त्यानंतर. आणि एकदा दुसरा आवाज मिळाला की तो माणूस नवा राहत नाही, त्याला पुढे स्वतःच्या गाड्या मिळतात.

कल्पेश आयुष्यात पहिल्यांदा ‘गाडी फिट’ म्हणाला होता. आवाज असा खणखणीत की वर बँडवाल्यांनीही माना वळवल्या.

दुसरा आवाज येत नव्हता.

“काही राहिलं का, जिजी?”

“तू सांग.”

“काही नाही राहिलं. ब्रेक बघितले, दारं बघितली, मोटारी बघितल्या. खालचे सगळे बोल्ट बघितले.”

“रेघा?”

“सरळ.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

ही रेघ काय ते सांगते. खालचा बोल्ट मापात घट्ट केला की त्याच्यावर रंगाच्या पेनाने एक पिवळी रेघ ओढतात. अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटते. वाकून बघणाऱ्याला लांबूनच कळतं. फार साधी युक्ती. इतक्या महागाच्या गाडीखाली जाऊन शेवटी माणूस एक पिवळी रेघ बघतो.

जिजींनी नाकाने श्वास ओढला.

“थिनरचा वास कशाचा रे?”

कल्पेशने हातातलं फडकं खिशात सारलं.

“मघाशी हात पुसले.”

“हौ का.”

जिजी चालू लागल्या. पिटात चालणं म्हणजे मान वर आणि पाय अंदाजाने. कल्पेश मागून. एका डब्याखाली जिजी थांबल्या आणि बॅटरी वर मारली.

त्या डब्याचे हेलकावे गिळायला एक दांडा असतो, डँपर म्हणतात. त्याला धरून ठेवणारं ब्रॅकेट, आणि ब्रॅकेटला धरणारे बोल्ट. सगळ्या बोल्टांवर धुळीने मळलेल्या रेघा होत्या. कारखान्यातून आलेल्या, चाचणीत धावलेल्या.

एक तेवढी चकचकीत.

“ही बघ, नवरीसारखी दिसतेय,” जिजी म्हणाल्या.

कल्पेश हसला नाही.

“तुटली होती?”

“...”

“कल्पेशभाऊ, मी भिंतीशी बोलतेय का?”

“जराशी सरकली होती. मी टॉर्क पाना लावला. मापाला खट् आवाज आला, तेव्हाच सोडला. आता जेवढा घट्ट हवा तेवढाच घट्ट आहे. तुम्ही लावून बघा.”

जिजींनी पाना घेतला. लावला. खट्.

“बरोबर. घट्ट आहे.”

“मग?”

“मग काय?”

“मग म्हणा ना. गाडी फिट.”

वर कोणीतरी बँडवाल्यांना इशारा केला असावा. पिपाणी एकदा वाजली आणि गप्प झाली.

“जिजी, माझी आई फलाटावर येऊन बसलीय,” कल्पेश म्हणाला. “पहिल्या फेरीचं तिकीट काढलंय तिने. आणि कुठल्या डब्यात माहितीय? ह्याच. ह्याच डब्यात. माझ्या मनात काळं असतं तर मी माझ्या आईला ह्या बोल्टावर बसवलं असतं?”

लोकांना हा प्रश्न फार आवडतो. तुझी आई बसवशील का, म्हणून एकमेकांना विचारतात आणि मोठं काही बोलल्यासारखं तोंड करतात. जिजींनी तो विचारला नव्हता. पोरगाच घेऊन आला.

“तुझी आई बसली म्हणून बोल्टला लाज वाटणार आहे का?” जिजी म्हणाल्या.

“तसं नाही...”

“पेन दे.”

“कुठलं?”

“पिवळं. जे खिशात लपवलंयस ते.”

त्याने दिलं.

“हात वर कर. हातमोजा काढ. ठेव इथे, ब्रॅकेटवर.”

“कशाला?”

“सांगते तेवढं कर.”

कल्पेशने तळवा लोखंडाला लावला. जिजींनी टोपण दातात धरलं आणि एक रेघ ओढली. अर्धी त्याच्या हाताच्या पाठीवर, अर्धी ब्रॅकेटवर. नीट, सरळ, न थरथरता.

“झालं. हात घट्ट बसला.”

“कसला घट्ट, जिजी? मी नुसता टेकवलाय. जोरच नाही लावला.”

“रेघ तर सरळ आहे.”

जिजींनी बॅटरी त्याच्या हातावर मारली. “आता काढ.”

त्याने हात काढला. लोखंडावर अर्धी रेघ राहिली. अर्धी त्याच्याबरोबर गेली.

“पूस ती. लोखंडावरची.”

त्याने खिशातून फडकं काढलं. थिनर लावलेलंच होतं. एका हाताने पुसून टाकली. सवय झालेली दिसत होती.

जिजींनी बॅटरी त्या जागेवर मारली. लोखंड स्वच्छ होतं.

“इथे कोणाचा हात होता?”

“माझा.”

“कोण म्हणतं?”

“जिजी, तुम्हीच तर आत्ता...”

“मी घरी गेले.”

“घरी?”

“तूही घरी गेलास. ही गाडी संध्याकाळी पार तिकडे पोचली. तिकडचा माणूस वाकला. त्याला काय दिसलं?”

हातावरची पिवळी अर्धी रेघ कल्पेशने दुसऱ्या हाताने झाकली, का कोण जाणे.

“सांगितलं असतं तर गाडी थांबली असती,” तो हळू म्हणाला.

“हौ.”

“बाहेर बँड आलाय.”

“ऐकू येतोय. पिपाणीवाला बेसूर आहे.”

“आणि माझी पहिली गाडी...”

“हौ. तीपण.”

जिजी ओरडल्या नाहीत, साहेबाला हाक मारली नाही. पेनाला टोपण लावलं आणि त्याच्या खिशात परत ठेवलं. मग पिटाच्या पायरीवर जाऊन बसल्या. दुसरा आवाज त्यांच्याकडे होता. त्यांनी तो दिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. बोल्ट घट्ट होता, पाना खट् म्हणाला होता.

वरून साहेबांची हाक आली. “जिजी, झालं का? सिग्नलवाले विचारतायत.”

जिजींनी कल्पेशकडे बघितलं.

...

कल्पेश पायऱ्या चढला. जिजींना ओलांडून.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. चढायला सोपं नव्हतं.

साहेब म्हणजे बागूल. वयाने कल्पेशहून फार मोठे नव्हते, पण डेपो त्यांच्या नावावर होता. शर्टाला गुलाबाचं फूल लावलेलं, फोन कानाला.

“साहेब, गाडी फिट नाही.”

बागुलांनी फोन खाली घेतला. “आत्ता तर तूच ओरडलास.”

“चुकीचं ओरडलो. डँपर ब्रॅकेटचा एक बोल्ट फिरला होता. मी घट्ट करून नवी रेघ मारली.”

“जुनी कुठेय?”

“पुसली.”

“फोटो?”

“नाही काढला.”

“किती सरकली होती?”

“जराशी.”

“जराशी म्हणजे? नखभर? बोटभर?”

कल्पेशला खरंच सांगता येईना. पुसताना त्याने रेघेकडे नीट बघितलंच नव्हतं, पुसायची एवढी घाई होती.

“कुठल्या दिशेला? सैल व्हायच्या की आवळायच्या?”

“साहेब... नाही आठवत.”

बागुलांनी शर्टाचं फूल काढून टेबलावर ठेवलं.

“रेघ असती तर एका बोल्टाचं काम होतं, फालक. आता मला सगळे उघडायला लागतील. पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत.”

“मी उघडतो.”

“तू एकटा उघडशील तर दिवाळी येईल,” पायऱ्यांवरून आवाज आला. जिजी वर आल्या होत्या. “चला रे. चहा ठेवा कोणीतरी. आणि त्या बँडवाल्यांना सावलीत बसवा, माळांसारखे तेपण सुकतील.”

आणि मग जे सुरू झालं ते बघायला हवं होतं.

सगळा डेपो पिटात उतरला. रंगकामाची माणसं, बॅटऱ्यांची माणसं, वातानुकूलनाचे दोघे, ज्यांनी जन्मात डँपर उघडला नव्हता तेही. एका टोकापासून पाने लागले. खट्, खट्, खट्, पिटभर तोच आवाज. जिजी पुढे आणि कल्पेश मागे, मग कधी कल्पेश पुढे आणि जिजी मागे. कोणी कोणाला दम देत नव्हतं. उघडायच्या आधी प्रत्येक रेघेचा फोटो काढायचा, असं कल्पेशने सांगितलं, आणि त्याच्याहून मोठ्या माणसांनी ऐकलं.

मधेच त्याचा फोन वाजला. आई.

“निघाली का रे गाडी?”

“नाही आई. वेळ लागेल.”

“कोणी बिघडवली?”

“मी.”

“बरं. मी इथे बसलेय. शेंगदाणे आहेत माझ्याकडे.”

फिरलेला बोल्ट त्याने स्वतः काढला. खालची वॉशर उलटी केली, बोट फिरवलं आणि थांबला.

“जिजी.”

“काय?”

“इथे रंग आहे.”

वॉशरच्या खाली, जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवं, तिथे रंगाचा जाड पापुद्रा होता. गाडी रंगवताना ती जागा झाकायची राहून गेली असणार. बोल्ट रंगावरच आवळला गेला. गाडी धावली, रंग दबला, जागा झाली, बोल्ट फिरला. कल्पेशने आज पुन्हा आवळला होता तोही त्याच पापुद्र्यावर. खट् आवाज खरा होता. पुढच्या धावेत तो पुन्हा फिरला असता.

कल्पेशने वॉशर हातात धरली. घामाने हातावरची पिवळी रेघ पसरली होती.

“दोन डब्यांपलीकडे अजून एक सापडलं,” कोणीतरी ओरडलं. “रेघ सरळ आहे. पण खाली रंग.”

मग अजून एक. त्याचीही रेघ सरळ.

बागूल धावत आले, वॉशरचा फोटो काढला आणि फोनवर बोलत धावत गेले. अशा गाड्या दुसऱ्या डेपोंतही होत्या. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता आणि घाबरलाही होता. एकाच वेळी दोन्ही, तसा चेहरा मी फार थोड्या माणसांचा बघितलाय.

“दुसऱ्या डेपोतही हेच सापडलं,” ते म्हणाले. “त्यांच्याकडची एक गाडी सुटायच्या बेतात होती. आपला फोन आला म्हणून वाकून बघितलं. दोन रेघा तुटलेल्या. थांबवली गाडी.”

पिटातले पाने थांबले.

मग रंगकामातल्या एका म्हाताऱ्याने हातातला पाना दुसऱ्या पान्यावर वाजवला. बघता बघता सगळ्यांनी वाजवला. बाहेर सावलीत बसलेल्या बँडवाल्यांना वाटलं गाडी निघाली, त्यांनीही सुरू केलं. पिपाणीवाला अजून बेसूरच होता. कोणाला त्याचं काही नव्हतं. सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं.

पापुद्रे खरवडले. लोखंड उघडं केलं. नव्या वॉशर घातल्या. खट्. नव्या रेघा.

दुपार उतरली तेव्हा कल्पेश पिटाच्या मधोमध उभा राहिला. कपडे काळे, केस काळे, चेहरा तेलाने माखलेला. सकाळचा खणखणीत आवाज बसला होता.

“गाडी फिट,” तो म्हणाला.

जिजी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत बॅटरी घेऊन सावकाश चालत गेल्या. सगळे वाट बघत राहिले. साहेबही.

टोकावरून आवाज आला.

“गाडी फिट.”

लाल बोर्ड निघाला. गाडीने एक बारीक सुस्कारा सोडला, दारं बंद झाली, आणि ती पांढरी लांबलचक वस्तू आवाज न करता त्यांच्या डोक्यावरून सरकत गेली. एक एक डबा. मग एकदम आभाळ दिसलं. इतका उजेड पिटात एकदम शिरला की सगळ्यांनी डोळे बारीक केले.

कल्पेशला स्वतःच्या गाड्या मिळणार, हे आता सगळ्या डेपोला कळलं होतं. त्याहून मोठं काहीतरी मिळालंय असं त्याला वाटत होतं आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. तो धावतच जिजींपाशी गेला. पाया पडायला वाकला, तर जिजींनी हातातली बॅटरी आडवी धरली.

“तेल लागेल साडीला. बोल.”

“जिजी, आज मी शब्द देतो. आजपासून माझ्या हाताखालून जी गाडी जाईल, तिच्यात एकही रेघ कधी तुटलेली सापडणार नाही.”

जिजींनी हेल्मेट काढलं. पदराने कपाळ पुसलं.

“तुटलेली रेघ सापडावी म्हणून तर उतरायचं. ती नको असेल, तर उद्यापासून तू पिटात उतरू नकोस.”